अर्ध्या माडावर

धाकट्या लाहूचं हे रोजचंच झालं होतं. माडाला हात लावायचा, काथ्याचा फास पायांत अडकवायचा, अर्ध्यापर्यंत झपझप जायचं आणि तिथं घोरपडीसारखं चिकटून राहायचं. नवशीच्या घरात असलं माणूस आजवर जन्मलं नव्हतं. तिचा नवरा अंगात ताप घेऊन चढायचा. थोरला पोरगा शुक्रा तर वर जाता जाता गाणं म्हणायचा.

आजही लाहू तिथंच अडकला. मसोलीच्या वाडीत अठरा माडांचे नारळ उतरवायचे होते. वाडीवाले गोविंदराव सकाळीच सांगून गेले होते, "आज जमलं नाही तर उद्या सायवनचे गडी येतील, नवशे. मग माड कायमचे त्यांचे."

"नजर कुठंय तुझी?" नवशी खालून ओरडली. "बापानं काय शिकवलं? डोळ्यापुढची वीतभर साल बघायची. ती सरली की पुढची वीत. वर शेंडा नाय, खाली जमीन नाय!"

"तेच बघतोय, आये."

"मग हल की, मेल्या!"

तो तसाच सालीला चिकटून राहिला. भाताची गोणी एकट्यानं उचलणारा गडी तो.

"काय दिसतं रे तुला तिथं?"

त्यानं कपाळ सालीला टेकवलं. मग तो म्हणाला, "कायच दिसत नाय. आता तू नावानं हाक मारशील, असं वाटत राहतं."

माडावरच्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, ही रीत नवशीनंच दोन्ही पोरांकडून लहानपणी घोकून घेतली होती. आणि गेल्या माघात, जेवण निवतंय म्हणून, तिनंच शुक्राला हाक मारली. त्यानं 'ओ' दिली, वाकून खाली पाहिलं. आधी तो पडला, मग कोयता. त्या हाकेबद्दल तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. लाहूही नाही.

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि माडाकडे पाठ फिरवून उभी राहिली.

पाठीमागे साल खरखरली. खरखर खाली खाली येत गेली.

लाहूनं पायांतला फास काढून तिच्यापुढं ठेवला.

नवशीनं तोंडातला पदर काढला.

"येऊ देत सायवनचे. तू माडाला नाय भ्यालास, माझ्या हाकेला भ्यालास. आणि ती तर मी मेले तरी तुला ऐकू येणार."