विनोद वगळायचं बटन

केशोरी गावची रेणू आपल्या चॅनलवर गेमची परीक्षणं करायची. आज तिच्या हातातल्या छोट्या कन्सोलवर विनोदी युद्धाचा खेळ होता. राजा बावळट, सेनापती भित्रा, आणि प्रत्येक चालीआधी दोघांची लांबलचक हुज्जत. शेजारी बाजेवर तिचा बाप बकाराम बसला होता. त्याची उभी हयात झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी पात्रं करण्यात गेलेली. दिवाळी सरली की तो दरसाल नाटक कंपनीच्या तालमीला वडशाला जायचा. यंदा मात्र गुडघा धरला म्हणत लंगडत घरातच वावरत होता.

सेनापती घोड्यावर उलटा बसला आणि बकाराम पोट धरून हसला.

"पाह्य, बोलून झाल्यावर कसा थांबते तो! लोकं हसेपर्यंत थांबाले लागते, नाहीतर जोक मातीत जाते."

रेणूनं रेकॉर्डिंग सुरू केलं. "आणि मंडळी, विनोद नको असतील तर हे बटन दाबा. सगळी बडबड गायब, सरळ लढाई! मला तर हीच सोय सगळ्यात आवडली."

"कायले दाबतेत लोकं ते बटन?" बकारामनं विचारलं.

"वेळ कोनाले हाय, बाबा? सगळ्याइले लढाईच पायजे."

"बराबर हाय. आमच्या नाटक कंपनीच्या मालकानंही यंदा तेच दाबलं."

रेणू फिसकन हसली. हसू ओसरल्यावर तिनं वळून पाहिलं. बकाराम हशासाठी थांबलाच नव्हता. तो बाजेवरून उठून आत निघाला होता, जराही न लंगडता.