फळ्याच्या डाव्या कडेला

मोठ्या सिस्टर तिसऱ्यांदा वर्गात डोकावून गेल्या, तेव्हा टीचरांच्या हातातला खडू मोडला. शाळा सुटून वीस मिनिटं झाली होती. पहिल्या बाकावर तिसरीतली एक मुलगी दप्तर पोटाशी धरून बसली होती. ती इतकं हळू बोलायची की वर्गात सगळे तिला कुजबुज म्हणायचे. तिच्या आईला निरोप गेला होता, पण आईचा अजून पत्ता नव्हता.

टीचरांना एका जागी बसवेना. त्यांनी खिडकी लावली, परत उघडली, सरळच असलेली बाकं पुन्हा सरळ केली. फळ्याच्या डाव्या कडेकडे बघायचं नाही असं ठरवून त्या सारख्या तिकडेच बघत होत्या.

त्या कडेला, क्रुसाच्या बरोबर खाली, वर्गाची प्रार्थनेची यादी होती. ज्याला कुणासाठी काही मागायचं असेल त्याने सकाळी तिथे आपल्या हाताने लिहायचं, आणि सगळ्या वर्गाने डोळे मिटून ते मागायचं. मागणं पुरं झालं की ज्याची ओळ त्यानेच पुसायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. एकाच्या आजोबांचा दुखरा गुडघा असाच पुसला गेला. हरवलेलं मांजर तर तीन पिल्लं घेऊन परत आलं, त्या दिवशी टाळ्या थांबता थांबेनात. 'आई बरी होऊ दे' ही कुजबुजची ओळ मात्र सहा आठवडे तशीच होती. रोज त्याच अक्षरांवरून खडू फिरवून तिने ती जाडजूड केली होती.

टीचरांना राहवलं नाही आणि त्यांनी ही गोष्ट बाकीच्या पालकांच्या कानावर घातली. झालं! मुलांच्या आया असल्या कामात मागे राहतात थोड्याच? कुणी कोणत्या दिवशी जेवण पोचवायचं ते ठरलं, आणि आज दुपारी वर्गातल्या जुळ्यांची आई एका मैत्रिणीला घेऊन, भलंमोठं भांडं भरून त्या घरी गेली. आजारी बाई स्टुलावर चढून खिडक्या पुसत होती. ठणठणीत! दोघी तरातरा शाळेत आल्या आणि सिस्टरांसमोर त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला.

"प्रार्थनेत खोटं म्हणजे फार झालं," सिस्टर टीचरांना म्हणाल्या होत्या. "आजच तिच्याकडून ती ओळ पुसून घ्या. उद्या वर्गाची माफी मागू दे."

वर्गात तीस तोंडं होती. उद्यापासून ती कुजबुजला कोणत्या नावाने हाक मारतील, हे टीचरांना चांगलं ठाऊक होतं. आपण तोंड बंद ठेवलं असतं तर हे झालंच नसतं, हेही ठाऊक होतं.

आई आली ती धापा टाकत. केस चापूनचोपून बांधलेले, हातात तेच भांडं, घासून लख्ख केलेलं.

"टीचर, काहीतरी गैरसमज झालाय हो. मला काही झालेलं नाही. बघा ना, चांगली धडधाकट आहे मी." ती हसली. हसता हसता तिने बाकावरची खडूची धूळ तळहाताने झटकली. मग शेजारच्या बाकावरची.

टीचर मुलीपुढे वाकल्या. "मी रागावत नाही, बाळा. पण आई बरी नाही असं का लिहिलंस?"

कुजबुज दप्तराकडे बघत बोलली. "ती खिडक्या पुसते."

"घ्या!" आई म्हणाली. "घर स्वच्छ ठेवणं हा काय आजार आहे?"

"सकाळी पुसते. मी शाळेतून घरी गेले की परत त्याच पुसते. स्वच्छ असल्या तरी. जेवायला चल म्हटलं की म्हणते, एवढी एक झाली की येते. मग येतच नाही."

आईचा हात तिसऱ्या बाकावर थांबला. टीचरांनी तो आत्ता कुठे नीट पाहिला. बोटांची टोकं पांढरी पडून सोलली होती.

"ताई," टीचर हळूच म्हणाल्या, "भांड्यातलं जेवण..."

"काढून ठेवलंय हिच्यासाठी."

"आणि तुमच्यासाठी?"

आईने रिकाम्या भांड्यावरचं झाकण उगाचच काढलं आणि परत लावलं. मग एकदम वळून फळ्याकडे गेली.

"मीच पुसते ते. माझ्यापायी पोरीला बोलणी नकोत."

तिने डस्टर घेतलं. आधी फळ्याची चौकट पुसली. मग खडू ठेवायची पट्टी, मग दिवसभराची बेरीज-वजाबाकी, तारीख, कोपऱ्यातलं कुणीतरी काढलेलं फूल. हात भराभर चालत होता, थांबायचं नावच नाही. टीचरांना ते बघवेना आणि अडवायचं कसं तेही सुचेना. बघता बघता बाकीचा सगळा फळा काळाभोर झाला. मग ती डाव्या कडेला आली, लेकीची अक्षरं समोर आली आणि तिचा हात वरच्यावर राहिला.

कुजबुज दप्तर सोडून उभी राहिली होती.

दारात सिस्टर चौथ्यांदा आल्या. "पुसलं का?"

आईने डस्टर खाली ठेवलं.

"एवढी एक राहू दे," ती म्हणाली.