फाटकापर्यंत

तिनं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं.

"कुणी शिकवलं हे?" गाडीच्या मालकानं विचारलं.

"भावानं. म्हणाला, डिझेल गाडी असेल तर गार असताना चालू करून बघ. आधीच तापवून ठेवलेली दिसली तर सरळ माघारी ये."

"हुशार आहे भाऊ." काकांनी किल्ली तिच्या हातात दिली. "मारा स्टार्टर."

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. जरा खडखडलं, मग सुरात आलं. ती मागं जाऊन धूर बघून आली. काळा नव्हता. गेले काही दिवस ती गाड्याच बघत हिंडत होती. एकीचं मीटर मागं फिरवलेलं होतं, दुसरीची मॅट उचलली तर खाली नुसता गंज. रोजच्या एवढ्या लांबच्या फेऱ्यांना पेट्रोल परवडणार नव्हतं आणि नवी गाडी घेणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं. ही जुनी होती, मागच्या दारावर ओरखडा होता. पण कुणीतरी जीव लावून वापरलेली होती.

"एवढी चांगली गाडी विकताय का, काका?"

"आता कुठं जायचं नसतं."

दारात उभ्या असलेल्या काकू आत गेल्या.

तिला गाडी चढावर चालवून बघायची होती. काका शेजारी बसले. वस्ती मागं पडली, रस्ता टेकडीला लागला. तिनं गाडी तिसऱ्या गिअरवर आणली. कुरकुर न करता गाडी ओढत राहिली.

"रोज कुठवर जाणार?" काकांनी विचारलं.

"कागद कारखान्यात. सोमवारपासून."

"कंपनीची बस आहे की."

"ती कायम माणसांना. मी कंत्राटी."

काका समोर बघत राहिले. "खातं कुठलं?"

"बॉयलर."

चढ संपून गाडी माथ्यावर आली, तेव्हा काका म्हणाले,

"बॉयलरला आता माणूस लागत नाही. मशीनच पाणी घेतं, मशीनच जाळ कमीजास्त करतं. जागाच रद्द केलीय ती."

"कोण म्हणालं?"

"मॅनेजर. केबिनमध्ये बोलावून सांगितलं मला. चहा पाजून."

तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. गाडी मंदावली.

"काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुम्हाला कुठून माहीत असणार?" त्यांचा आवाज कोरडा होता. मग त्यांनी विचारलं, "पाळी कुठली दिलीय?"

"पहिली."

"पहिली बरी. संध्याकाळ आपल्या हातात राहते."

"इथूनच मागं वळू या."

"मधे दुभाजक आहे. कारखान्याच्या फाटकापाशीच वळता येतं."

फाटकापाशी आली तर मागून लाकडाचा ट्रक अगदी चिकटून आला. तिनं वळण घ्यायला गाडी थोडी आत घेतली. पहारेकऱ्यानं लांबूनच गाडी ओळखली, सवयीनं कपाळाला हात लावला आणि आडवा दांडा वर केला. मग तो हसत हसत खिडकीशी आला, आत वाकला आणि त्याचं हसू विरलं.

"नाना, तुम्ही इथं कशाला आलात?"

"गाडी दाखवतोय रे यांना. वळवून लगेच निघतो."

"तुम्हाला आत सोडता येत नाही, नाना." त्यानं आवाज खाली आणला. "आमच्या केबिनमध्ये फोटो लावलाय तुमचा. कमी केलेल्या सगळ्यांचे लावलेत. वरून कुणी बघितलं तर माझ्या पोटावर पाय येईल."

"मी मागं घेते," ती म्हणाली. तिनं आरशात बघितलं. आरसाभर ट्रकची जाळीच दिसत होती. ट्रकच्या मागं आणखी एक ट्रक येऊन उभा होता. हॉर्न वाजायला लागले.

"बाई, तुम्ही कोण?" पहारेकऱ्यानं विचारलं.

सांगणं भाग होतं. तिनं सांगितलं. पहारेकऱ्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा नानांकडं. मग तो चाकाकडं बघत म्हणाला, "बाई जाऊ शकतात."

काकांनी पट्टा काढला.

"काका, बसा तुम्ही. मी नाही जात आत."

"मग काय इथंच उभ्या राहणार? मागं रांग लागलीय."

ते उतरले. दार त्यांनी हळूच लावलं. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"मी आधीची नोकरी सोडलीय, काका," ती म्हणाली. "माझ्या घरी दुसरं कुणी…"

"असू दे." त्यांनी तिला पुढं बोलू दिलं नाही. समोरून वळसा घालून ते तिच्या खिडकीशी आले. "सरळ जा. वजनकाट्याला वळसा मारून बाहेर या. मी इथंच थांबतो."

ट्रकवाला आता हॉर्नवरचा हात काढेना. तिनं पहिला गिअर टाकला. काका बाजूला झाले, आणि काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखे पुन्हा दोन पावलं गाडीबरोबर आले.

"आत उजव्या हाताला पाण्याच्या टाकीची सावली पडते," ते म्हणाले. "गाडी तिथं लावत जा. दुपारी निघताना सीट तापलेली नसते."