वाढतं अंग

झाडांना कोवळी पालवी फुटली की समोरच्या वहिनी दरवर्षी कापड घेऊन शिंप्याच्या दुकानाची पायरी चढायच्या. लेकीसाठी फ्रॉक. "मास्तर, मागच्यापेक्षा दोन बोटं मोठा ठेवा हं. वाढतं अंग आहे."

लेक जाऊन पाच वर्षं झाली होती. तिच्या मातीला शिंपी स्वतः गेला होता. पण आईचं मन त्याला मोडवत नव्हतं, म्हणून तो इमानेइतबारे दोन बोटं वाढवून फ्रॉक शिवून द्यायचा. मागच्या वर्षी मात्र त्याने कंटाळा केला. घालणार आहे कोण, असं म्हणत आधीच्याच मापाने बेतला आणि देऊन टाकला.

यंदा वहिनी आल्या त्या तोच फ्रॉक घेऊन. "काय हो मास्तर, माप चुकलं ना तुमचं! वर्षभर रडवलंत पोरीला."

"चुकलं खरं, वहिनी," शिंपी समजुतीने म्हणाला आणि सवयीप्रमाणे फ्रॉक उलटा करून बघू लागला.

 

दोन्ही काखांतली शिवण उसवली होती, आणि घेराला कोवळ्या गवताचे ओले डाग होते.