मौन मोडलं तेव्हा

“काही झालं तरी दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही,” सासूबाईंनी मौनव्रत देताना बजावलं होतं. इतक्या वर्षांत ते कधी मोडलं नव्हतं.

म्हणूनच चिनी फूट मसाजच्या खुर्चीत बसल्यावर माझ्या वतीने सूनच बोलली. “आईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून उजवं पाऊल बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.”

वाट बघून मी थकले होते. पावलात जीव आला तर अनवाणी येईन, असं टेकडीवरच्या देवीला कबूल केलं होतं.

कोमट पाण्यातला पाय उचलून मणिपूरच्या बाईने तळव्यावर अंगठा फिरवला. “इथे सगळे ओरडतात, आँटी.” मला मात्र तिचा अंगठा नुसता दिसत होता. मग तिने टाचेजवळ जोर दिला.

“आई गं!”

ती दचकली. “सॉरी आँटी, दुखलं?”

“दुखलं,” मी म्हणाले. “परत दाब.”

“अहो आई, मौन,” सून म्हणाली आणि तिचेच डोळे भरले.

सासूबाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली. बारा वाजायला अवकाश होता. पुन्हा तोंड मिटलं, चपला सुनेच्या हातात दिल्या आणि टेकडीच्या वाटेला लागले.