जावयाने उचलू नये

तिसऱ्यांदाही चाक मंदारच्या मांडीपर्यंत आलं आणि हातातून निसटून धप्पकन रस्त्यावर पडलं. समोरच्या घराच्या जिन्यावर बशीरमियाँ चहा पीत बसले होते. पहिल्या दोन खेपांना त्यांनी भल्या माणसासारखी मान दुसरीकडे वळवली होती, या वेळी वळवली नाही.

"क्या जी दामाद साब, चढ रा नै क्या?"

"चढेगा, अंकल, चढेगा," मंदार म्हणाला आणि उगाच वाकून नट तपासू लागला.

चाक चढणार नाही हे त्याला केव्हाच कळलं होतं. जीपचे कंपनीचे टायर काढून त्याने हट्टाने हे मोठे बसवून घेतले होते, रानावनात भटकायचं म्हणून. रानावनात तो आजवर दोनदा गेला होता, दोन्ही वेळा डांबरी रस्त्याने. रिम धरून ते धूड पंचेचाळीस किलोचं होतं. काल संध्याकाळी विद्यानगरला सासुरवाडीला येताना दिलसुखनगरात एक चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने मागची स्टेपनी लावून दिली, पंक्चर झालेलं चाक ठेवून घेतलं आणि आज सकाळी दुरुस्त करून ऑटोतून धाडलं. आता ते जीपच्या मागच्या दारावर, कमरेच्या वर असलेल्या बोल्टांवर चढवायचं होतं.

तेवढंच असतं तर कुणालाही हाक मारता आली असती. पण काल जेवताना मंदारची जीभ सैल सुटली होती. "विकाराबादच्या चिखलात मी एकट्यानं चाक बदललं, बाबा. दहा मिनिटांत!" सासरे दिगंबरराव हातातला घास हातातच धरून ऐकत राहिले. "एकट्यानं? शाबास!" म्हणाले, आणि वाढायला आलेल्या सुनीताबाईंना त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. कोर्टात पस्तीस वर्षं लोकांच्या साक्षी लिहून घेतलेला माणूस तो, ऐकलेला शब्द विसरत नसे. खरं सांगायचं तर विकाराबादला चाक बदललं होतं गॅरेजच्या दोन मेकॅनिकनी. मंदार छत्री धरून उभा होता.

"कुणाला बोलावू का?" फाटकाशी उभ्या असलेल्या प्राचीने हळूच विचारलं.

"नको!" तो बायकोवर खेकसला. या घरात त्याच्या शब्दाला मान होता तो सासऱ्यांमुळे, आणि तो मान आता पंचेचाळीस किलोंखाली चिरडला जाणार होता. क्लासला निघालेल्या दोन मुलीही थांबून बघू लागल्या.

तेवढ्यात दिगंबरराव बनियन-पायजम्यावर बाहेर आले. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मंदारकडे पाहिलं, जिन्यावरच्या बशीरमियाँकडे पाहिलं.

"अहो जावईबापू, हे काय चालवलंय? व्हा आधी बाजूला!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ते ओरडले. "धोंड्याचा महिना चालू आहे! आमच्यात या महिन्यात जावयानं वजन उचलायचं नसतं. घराला दोष लागतो."

मंदारला हायसं वाटलं, अगदी निर्लज्जपणे हायसं वाटलं. गेल्याच रविवारी या घरात त्याचे पाय धुतले होते, तेहतीस अनारशांचं वाण दिलं होतं, आणि त्याने गंमत म्हणून प्राचीला डोळा मारला होता. आज तो त्याच रीतीमागे लपला. "तुम्ही म्हणता तर राहिलं, बाबा," म्हणाला, आणि वर बशीरमियाँना ऐकवलं, "हमारे में रिवाज है, अंकल."

"हौ जी, दामाद को तकलीफ नक्को!" बशीरमियाँनी कौतुकाने मान हलवली.

दिगंबररावांनी त्याला जीप मागे घ्यायला लावली, थेट घरापुढच्या ओट्याला टेकेपर्यंत. स्कूटर वर चढवायची फळी त्यांनी ओट्याला लावली आणि बापलेकीने चाक त्या फळीवरून वर चढवायला घेतलं, प्राची पुढून ओढत, ते मागून रेटत. मध्ये दोनदा त्यांना थांबावं लागलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, बनियन पाठीला चिकटलं.

सुनीताबाईंनी मंदारच्या हातात ताकाचा पेला दिला होता. तो त्याला तोंडाशी नेववेना. सत्तरीचा माणूस आपल्या थापेपायी घाम गाळतोय आणि आपण जावई म्हणून ताकाचा पेला धरून उभे! वाईट याचं की बिचारा भोळेपणाने रीत पाळत होता, आपल्याला अजून विकाराबादचा वीर समजत होता. मंदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि बशीरमियाँकडे बघून दोनदा मिटलं.

ओट्यावर चाक बोल्टांच्या बरोबर समोर आलं. दिगंबररावांनी खाली एक पाट सरकवला, खांदा लावून रेटा दिला, आणि चाक बसलं.

"नट तेवढे तुम्ही आवळा, जावईबापू. त्याला वजन लागत नाही," धापा टाकत ते म्हणाले आणि काळे हात पुढे धरून आत गेले.

मंदारने एकेक नट घट्ट आवळला. शेवटच्या नटापर्यंत त्याचं ठरलं. आत जायचं, पाय धरायचे, सगळं सांगून टाकायचं. रिकामा न केलेला पेला घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आतून सासूबाईंचा आवाज येत होता.

"अहो, धोंड्याचा महिना सोमवारीच संपला की. आणि जावयानं वजन उचलू नये, हे कोणत्या पोथीत लिहिलंय?"

"कोणत्याच नाही," नळाखाली हात चोळत दिगंबरराव म्हणाले. "पण काल ताटावर बसून जावईबापू खोटं बोलले, ते घरातच राहू दे ना. गल्लीला कशाला कळायला पाहिजे?"