वाट मोहाखालून न्या

पायलनं काडीनं मातीत गोल काढला, तर भावसिंगनं त्यावर आपली चप्पल ठेवली न म्हणाला, "घ्या, झाली पायवाट. फक्त अंगठ्यापाशी जरा टोचते."

पायल हसली. ढाणकीच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं हे वन उद्यान नवं होतं, आणि ती तिथली वनरक्षक. उमरखेडहून लोक रविवारी पोराबाळांसकट येणार, तर त्यांच्यासाठी एक फेरीची वाट आखायची होती. फाटकापासून निघायचं, जंगलातून फिरून पुन्हा फाटकापाशीच यायचं. फार चढ नको, पण घरी गेल्यावर पाय चेपून घ्यावेसे वाटले पाहिजेत. उद्या साहेब पाहायला येणार होते. आजच चुन्याची फक्की टाकून खुणा करायच्या होत्या.

वाट साफ करायला तांड्यावरून भावसिंग आणि त्याची बायको हंसाबाई मजुरीनं आले होते. त्या साली बोंडअळीनं कपाशी आतून पोखरली होती. लोकांनी उभी पऱ्हाटी उपटून बांधावर टाकली. तांड्यावर कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. एकटा भावसिंग तेवढा हसायचा न हसवायचा. पंचनाम्याला आलेल्या साहेबाकडे त्यानं अळीच्या नावानं रेशन कार्ड मागितलं होतं, तिचं कुटुंब मोठं हाय म्हणून. साहेबानं नाव लिहायला पेन बी काढला होता.

वाट तशी सोपी होती. नाल्याच्या काठानं बांबूच्या बनात, तिथून चढून खिंडीत, मग उतरून तळ्यावरून परत. भावसिंगला हीच पसंत होती. तळ्यावर पाखरं आहेत, सावली आहे, फोटो चांगले येतात.

"खिंडीतून मागच्या टेकडीवर न्या," हंसाबाई म्हणाली. "वाट मोहाखालून न्या."

सकाळपासून ती हेच सांगत होती. काहून म्हणून विचारलं, तर नुसतं म्हणायची, चांगली जागा हाय. शेवटी भावसिंगनंच गुपित फोडलं. हिला तिथं च्याचं दुकान टाकायचं आहे. चढून दमलेला माणूस कसाही च्या पितो, हे तिनं बरोबर हेरलं आहे.

"वाघाले कटिंग, अस्वलाले भजे," तो म्हणाला. "मी गल्ल्यावर बसतो. अस्वलापाशी उधारी मागाले हिले पाठवतो."

हंसाबाई रागावली नाही. दुकानाला तिनं नाही पण म्हटलं नाही.

तशीही ती नवऱ्याला सोडून कुठं राहत नसे. तो नाल्यावर गेला की ही नाल्यावर. तो पारावर बसला की ही समोरच्या ओट्यावर तूर निवडत बसे. तांड्यावरच्या बाया चिडवत, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय नवीन लागलं म्हणून. ती चिडवू द्यायची.

जेवणं झाल्यावर पायलला वाटलं, एवढं म्हणते तर पाहून तर घेऊ. तिघं खिंड चढून मागच्या टेकडीवर गेली. भावसिंग पुढं, मग पायल. हंसाबाई बऱ्याच मागून आली, फक्कीची पिशवी कमरेवर घेऊन.

वर एक जुनं मोहाचं झाड होतं, खाली एक सपाट दगड, आणि चहूकडे साग. तळं दिसत नव्हतं. गाव दिसत नव्हतं.

"पाहा मॅडम, काय हाय इथं?" भावसिंग म्हणाला. "मोबाईलले रेंज नाही. बोंबललं तरी खाली ऐकू जात नाही. माणूस इथं पडला तं दोन-दोन दिवस पत्ता लागणार नाही. कायले लोकायले इथं आणता?"

पायलला ते पटलं. लहान पोरांना हा चढ जड जाईल, ती म्हणाली. वाट तळ्यावरूनच नेऊ.

हंसाबाई दगडावर बसली. पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली. हा चढ मी एकटी साफ करतो, ती म्हणाली, मजुरी लावू नका, पायऱ्या खोदतो, वर माठ भरून ठेवतो. पायलनं समजावून पाहिलं. हंसाबाई पिशवी सोडेना.

"च्याचं दुकान बुडालं, मालकीण रुसली," भावसिंग म्हणाला. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तळ्याकडची झुडपं तोडायला घेतो म्हणून तो गाणं म्हणत उतरू लागला. वळणापर्यंत त्याचं गाणं ऐकू आलं. मग नुसती सागाची पानं वाजत राहिली.

पायल तिच्याशेजारी बसली. तिला वाईट वाटत होतं. "मावशी, दुकानाचंच असेल तर तळ्यापाशी टाका. मी उद्या साहेबांशी बोलते."

"मले दुकान नाही टाकायचं, बाई."

हंसाबाईची नजर वळणावर होती. तो दिसेनासा झाल्याची खात्री करून ती हळूच बोलू लागली.

"हे इथं येतेत. एकटेच. संग अळी माराच्या औषधाची बाटली आणतेत, थे मी पाह्यलं हाय. मी मागं मागं येतो, सागाआड उभी राहतो न खोकलतो. खोकललो का हे हातातलं लपवतेत, हसतेत, म्हणतेत, सरपण पाहून राह्यलो."

पायलनं वळणाकडे पाहिलं.

"आता माह्याच्यानं हा चढ होत नाही," हंसाबाई म्हणाली. "लोकं येत-जात राह्यले, तं कोणी ना कोणी खोकलीनच न."